पाद्र्याचे इंजिन, पत्र्याचा डबा आणि मी खोडलेले एक वाक्य

१/ एम.ए.च्या लघुप्रबंधात मी एक वाक्य लिहिले होते : ‘वाफेचे इंजिन श्रेष्ठ होते, म्हणून उष्ण हवेचे इंजिन मागे पडले.’ वाक्य मला निर्विवाद वाटत होते. पुढे वसतिगृहाच्या खोलीत पत्र्याच्या डब्यातून मी स्वतः तसे इंजिन करायला बसलो, आणि तीन आठवड्यांनी ते वाक्य खोडून टाकले. ते का, हे सांगण्यासाठी हा धागा.

२/ सप्टेंबर १८१६. रॉबर्ट स्टर्लिंग नावाचे २५ वर्षांचे तरुण स्कॉटलंडमधील किलमारनॉक येथे चर्चचे धर्मोपदेशक म्हणून नुकतेच रुजू झाले होते. त्याच महिन्यात त्यांनी एका यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. घराण्यात यंत्रांचा नाद होताच. आजोबा मायकल स्टर्लिंग यांनी मळणीयंत्र बनवले होते. किलमारनॉकमध्ये त्यांना थॉमस मॉर्टन यांचा आधार लाभला. मॉर्टन हे गालिचे विणण्याच्या यंत्रांचे आणि दुर्बिणींचे जाणकार कारागीर.

३/ या इंजिनाची एक कथा फार लोकप्रिय आहे : बॉयलर फुटून कामगार मरत, ते पाहून पाद्र्याचे मन द्रवले आणि त्याने निर्धोक इंजिन शोधले. कथा सुंदर आहे. पण १८१६च्या पेटंटचे शीर्षक वेगळीच गोष्ट पुढे ठेवते : इंधनाचा खप कमी करण्यासाठी केलेल्या सुधारणा. करुणा असेलही, कागदावर मात्र कोळशाचा हिशेब आहे. मूळ साधन आणि नंतरची आख्यायिका वेगळी ठेवण्याचा आपला धडा इथेही लागू पडतो.

४/ यंत्राचे तत्त्व सोपे आहे. एका बंद नळकांड्यात हवा कोंडलेली असते. एक टोक तापवायचे, दुसरे थंड ठेवायचे. आत सैलसर बसणारा एक ठोकळा, म्हणजे ‘विस्थापक’, वरखाली होऊन तीच हवा कधी गरम टोकाकडे, तर कधी थंड टोकाकडे ढकलतो. हवा तापली की दाब वाढून दट्ट्या बाहेर सरकतो. निवली की दाब उतरून तो आत येतो. पाणी नाही, वाफ नाही, बॉयलर नाही.

५/ पण स्टर्लिंग यांची खरी प्रतिभा यापुढची. गरम हवा थंड टोकाकडे जाताना आपली उष्णता वाया घालवते. त्यांनी तिच्या वाटेत धातूचा असा भाग ठेवला की जाताना हवा आपली उष्णता त्याच्यापाशी ठेवून जाईल आणि परतताना तीच उचलून नेईल. त्याला त्यांनी नाव दिले ‘इकॉनॉमायझर’. आज त्याला ‘रिजनरेटर’ म्हणतात.

६/ आता माझा डबा. पहिल्या आवृत्तीचे साहित्य : पत्र्याचा उभा डबा, आत विस्थापक म्हणून एक लहान बंद डबी, दट्ट्याऐवजी ताणून बसवलेला फुगा, क्रँकसाठी सायकलचा स्पोक, फ्लायव्हील म्हणून जुनी सीडी, आणि खाली मेणबत्ती. चाक हाताने फिरवले की दोन फेरे घेई आणि थांबे. हे चार दिवस चालले.

७/ पहिला शत्रू घर्षण. विस्थापकाची तार झाकणाच्या भोकात अडत होती. रिकाम्या रिफिलचे पितळी टोक कापून तिथे बसवले आणि पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळली. दुसरा शत्रू गळती. हीच तार सैल केली की हवा निसटे, घट्ट केली की चाक अडे. या दोहोंमधला मार्ग केसाएवढा अरुंद आहे. स्टर्लिंग यांच्यासमोर हाच पेच कित्येक फूट लांबीच्या बिडाच्या भांड्यात उभा होता, हे तेव्हा प्रथम जाणवले.

८/ तिसरा शत्रू फसवा. पाच मिनिटांत डब्याचे ‘थंड’ टोकही तापे आणि इंजिन मरे. आपले सगळे लक्ष ज्योतीवर असते. वस्तुतः यंत्र चालते ते दोन टोकांतील तापमानाच्या फरकावर. वर ओल्या फडक्याची गुंडाळी घातली, त्यावर बर्फ ठेवला, आणि चाक पहिल्यांदा मिनिटभर फिरले. मध्यरात्र होती, शेजारच्या खोलीतील दोघांना उठवून दाखवले.

९/ हेच तत्त्व १८२४मध्ये पॅरिसमध्ये सादी कार्नो यांनी मांडले होते : उष्णतेपासून कार्य मिळण्यासाठी ती उष्णाकडून थंडाकडे वाहिली पाहिजे, आणि किती कार्य मिळू शकेल याची मर्यादा त्या दोन तापमानांवर ठरते. त्या काळी हा ग्रंथ फारसा कोणी वाचला नाही.

१०/ इथे एका छोट्या प्रतिकृतीचा प्रवेश होतो. स्टर्लिंग यांनी आपल्या इंजिनाची प्रतिकृती ग्लासगो विद्यापीठाला दिली होती. १८४०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथले तरुण प्राध्यापक विल्यम थॉमसन यांना ती धूळ आणि तेलाने गच्च झालेली आढळली. त्यांनी ती साफ करून चालती केली आणि इतरांनाही दाखवली. कार्नो यांच्या विचारांवर ते याच सुमारास चिंतन करीत होते. १८४८मध्ये त्यांनी निरपेक्ष तापमानश्रेणीची कल्पना मांडली. हेच पुढचे लॉर्ड केल्विन.

११/ पुन्हा डब्याकडे. आतली डबी काढून तिच्या जागी भांडी घासायच्या तारेच्या घासणीचा सैलसर गुंडा बसवला. हवा आता त्याच्या कडेने नव्हे, त्यातूनच ये-जा करू लागली. ज्योत तीच, बर्फ तेवढाच. चाकाचा वेग मात्र डोळ्यांना दिसण्याइतका वाढला. पंधरा रुपयांच्या घासणीने मला १८१६चे पेटंट समजावले.

१२/ मग मोह झाला. अधिक फरक म्हणजे अधिक शक्ती, म्हणून मेणबत्तीऐवजी स्पिरिटचा दिवा लावला. चाक सुसाट फिरले, आणि काही वेळाने तळाशी सांधा बुजवायला मीच लावलेला लेप करपून तडकला. फुगा लुळा पडला. चूक माझीच होती. तो लेप ज्योतीसमोर टिकणारा नव्हताच. पण त्या रात्री नोंदवही उघडली तेव्हा माझ्या डब्याचा इतिहास मी आधीच लिहून ठेवलेला होता.

१३/ कारण स्टर्लिंग यांचे नेमके हेच झाले होते. १८१८मध्ये त्यांच्या इंजिनाने एअरशायरमधील दगडखाणीतून पाणी उपसले. ते चांगले चालले, पण अखेर भांड्याचा तळ अतितापून निकामी झाला. पुढे अभियंता असलेले धाकटे बंधू जेम्स यांच्यासह त्यांनी १८२७ आणि १८४० साली आणखी पेटंटे घेतली. आत दाबलेली हवा भरून लहान यंत्रातून अधिक शक्ती काढण्याची सुधारणा त्यांतलीच.

१४/ १८४३मध्ये जेम्स यांनी डंडी येथील ओतशाळेतील वाफेचे इंजिन बदलून त्याचे हवेचे इंजिन केले. त्यावर ओतशाळेची यंत्रे चालली. पण गरम बाजूची भांडी पुनःपुन्हा जळून निकामी होत राहिली, आणि १८४७मध्ये तिथे वाफ परत आली.

१५/ लोखंडाचाच बॉयलर टिकत असे, मग हे भांडे का जळले? स्वयंपाकघरात पाहा. पाणी आहे तोवर पातेले करपत नाही. पाणी आटले की तळ काळवंडतो. बॉयलरच्या लोखंडामागे पाणी असते, ते त्याला थंड राखते. हवेच्या इंजिनाचा तळ म्हणजे कायम कोरडे पातेले. जितके तापवाल तितके ते काटकसरी, आणि जितके तापवाल तितके अल्पायुषी.

१६/ अमेरिकेत जॉन एरिक्सन यांनी वेगळा मार्ग धरला. आकारच अवाढव्य करायचा. १८५३मध्ये चाचणी झालेल्या त्यांच्या ‘एरिक्सन’ जहाजावर १४ फूट व्यासाची नळकांडी होती. अपेक्षित वेग मिळाला नाही. १८५४मध्ये वादळी वाऱ्यात जहाज बुडाले. वर काढल्यावर त्यात वाफेचे इंजिन बसले. त्यांची लहान इंजिने मात्र हजारोंनी खपली. जिथे थोडी शक्ती पुरे आणि बॉयलरवर कुशल माणूस ठेवणे परवडत नसे, तिथे वाफ हरली होती. वीज नसलेल्या घरांत, आपल्याकडेही, रॉकेलच्या ज्योतीवर उष्ण हवेने चालणारे पंखे होते, ते याच कुळातले.

१७/ स्टर्लिंग १८२४पासून गॅल्स्टन येथे धर्मोपदेशक होते. तिथेच १८७८मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे चार पुत्र रेल्वे अभियंते झाले. पॅट्रिक स्टर्लिंग यांचे आठ फुटी चाकांचे वाफेचे इंजिन तर विख्यात आहे. वडिलांनी वाफेला पर्याय शोधला, मुलाने तिला वेग दिला. वृद्धापकाळी, १८७६मध्ये, स्टर्लिंग यांनी लिहून ठेवले की बेसेमर पोलाद तीसचाळीस वर्षे आधी मिळते तर आपले इंजिन यशस्वी झाले असते.

१८/ पूर्वी मी हे विधान पराभूताची सबब म्हणून वाचले होते. करपलेला लेप नखाने खरवडताना ते वेगळे वाचले. पुढे पुरावाही आहे : १९३०च्या दशकाच्या अखेरीस आइंडहोवेन येथे फिलिप्सने नव्या मिश्रधातूंसह हे इंजिन पुन्हा हाती घेतले, आणि वीज नसलेल्या ठिकाणी रेडिओ चालवण्याजोगे जनित्र घडवले. दुर्दैवाने तोवर ट्रान्झिस्टर आले. सुमारे दीडशे संचांवर काम थांबले. तेच चक्र उलटे फिरवले की थंडी निर्माण होते, आणि त्या रूपात ते आजही इन्फ्रारेड संवेदक थंड राखते.

१९/ १९८३मध्ये झाग्रेबचे प्राध्यापक इव्हो कोलिन यांनी उलट दिशा दाखवली. ज्योत वाढवण्याऐवजी घर्षण आणि वजन कमी करा. त्यांच्या इंजिनाला गरम पाणी पुरे झाले. अमेरिकेतील जेम्स सेन्फ्ट यांनी हा फरक आणखी उतरवला; अशी इंजिने आज तळहाताच्या उबेवर फिरतात. माझी तिसरी आवृत्ती त्याच वाटेने चालली आहे. तळाशी चहाचा गरम पेला, वर बर्फ, आणि सांधा आगीपासून दूर.

२०/ खोडलेल्या वाक्याच्या जागी आता असे लिहिले आहे : ‘१८४०च्या दशकातील बिडाला उष्ण हवेच्या इंजिनाचा तळ सोसवला नाही, जिथे तो सोसण्याची गरज नव्हती, तिथे ते इंजिन टिकले.’ पहिल्याइतके गोळीबंद नाही. ‘श्रेष्ठ होते म्हणून जिंकले’ असे कुठेही वाचाल तेव्हा एवढेच विचारा : कोणत्या कामासाठी, कोणत्या वर्षी, कोणत्या धातूत?

ज्यांना डबा करून पाहायचा असेल त्यांनी आत पाण्याचा थेंबही राहू देऊ नये आणि ज्योतीजवळ एकट्याने बसू नये. तुमचा डबा कुठे अडला, ते खाली जरूर लिहा. (धागा समाप्त)