कागदी मुलगे आणि पुराव्याचे गद्य

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थिनीने पतीसाठी इमिग्रेशनचा अर्ज केला, तेव्हा तिला अधिक पुरावा मागणारी नोटीस आली. विवाहनोंदणीचा दाखला पुरेसा ठरला नव्हता. संयुक्त बँकखाते, भाडेकरार, छायाचित्रे, परिचितांची प्रतिज्ञापत्रे असा सारा संसार कागदावर मांडून एकाच वेळी धाडायचा होता. उत्तर अर्धवट राहिले तर तेवढ्यावरच निर्णय. "सर, संसार खरा आहे हे लिहून कसं दाखवायचं?" तिच्या या प्रश्नाने मला एंजल आयलंडची आठवण झाली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील या बेटावर 1910 ते 1940 या काळात स्थलांतरितांची चौकशी होत असे. 1882च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत मज्जाव केला होता. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक यांना मात्र प्रवेश होता, तसाच अमेरिकन नागरिकाच्या अपत्यालाही. 1906च्या भूकंपानंतरच्या आगीत शहरातील जन्मनोंदी जळाल्या. त्यानंतर अनेक चिनी पुरुषांनी आपला जन्म याच शहरातला असल्याचे सांगितले. मायदेशी जाऊन परतताना ते 'मुलगा झाला' अशी नोंद करीत आणि पुढे ती नोंद परक्या तरुणाला विकीत. अशा तरुणांना 'कागदी मुलगे' म्हणत.

त्यांना पकडण्यासाठी निरीक्षक बापाला वेगळे आणि मुलाला वेगळे विचारीत: घराला पायऱ्या किती? तांदूळ कुठे ठेवतात? शेजारच्या घरात कोण राहते? उत्तरांत विसंगती निघाली की प्रवेश नाकारला जाई. वॉशिंग्टनकडे अपील करता येई. पण निकाल लागेपर्यंत बेटावरच कोंडून राहायचे, कधी काही आठवडे, कधी वर्षाहून अधिक. साहजिकच प्रश्नोत्तरांच्या वह्या तयार झाल्या. प्रवासात त्या पाठ करायच्या आणि बंदर येण्याआधी समुद्रात फेकायच्या.

यातली खरी मेख अशी, की सख्ख्या मुलालाही ती वही पाठ करावी लागे. आपल्यापैकी कितीजणांना आजोळच्या घराच्या पायऱ्यांची संख्या सांगता येईल? आणि ती वडिलांच्या उत्तराशी जुळेल? सुसंगती कथेत साधता येते. स्मृती इतकी शिस्तीत क्वचितच वागते. चौकशीची पद्धत खोट्याला शोधायला निघाली होती. प्रत्यक्षात ती खऱ्यालाही पढवलेले बोलायला लावीत होती.

तिथल्या कैद्यांनी लाकडी भिंतींवर चिनी अभिजात छंदांत कविता कोरल्या. 1970 साली इमारत पाडण्याच्या बेतात असताना एका उद्यानरक्षकाचे त्यांच्याकडे लक्ष गेले, आणि 1980 मध्ये त्या इंग्रजी अनुवादासह ग्रंथरूपात आल्या. अभ्यासक्रमात या कवितांना स्थान मिळाले, ते योग्यच आहे. पण पुराभिलेखागारात जपलेली चौकशीची टिपणेही, माझ्या मते, तितक्याच बारकाईने वाचायला हवीत.

1956 मध्ये सरकारने कबुलीची योजना सुरू केली. मात्र एकाने खरे नाव सांगितले की त्याच कागदी कुळातले बाकीचे उघडे पडत. पुष्कळांनी म्हणूनच मौन पाळले. काही थडग्यांवर आजही इंग्रजीत कागदी आडनाव आणि चिनी लिपीत मूळचे आडनाव आढळते.

विद्यार्थिनीच्या आणि तिच्या पतीच्या निवेदनांत पहिल्या भेटीची तारीख जुळत नव्हती. ती ओढूनताणून जुळवू नका, का जुळत नाही तेच लिहा, एवढे मी सांगितले. वकिलाचेही तेच मत पडले, असे तिने नंतर कळवले.