स्वमग्न किशोरांमधील कारक प्रतिमांकन

अवयव प्रत्यक्ष न हलवता एखादी हालचाल मनातल्या मनात करून पाहण्याच्या क्रियेला कारक प्रतिमांकन म्हणतात. या क्रियेच्या वेळी मेंदूतील हालचालींची आखणी करणारी क्षेत्रे बऱ्याच अंशी प्रत्यक्ष हालचालीप्रमाणेच कार्यरत होतात. स्वमग्नता, म्हणजे सामाजिक संवाद, संवेदन आणि वर्तन यांची जडणघडण लहानपणापासून वेगळी असण्याची अवस्था, असलेल्या किशोरांत ही क्रिया कशी घडते, हे प्रामुख्याने हस्त-ओळख चाचणीने तपासले जाते. तीत निरनिराळ्या कोनांत फिरवलेल्या हाताचे चित्र दाखवून तो डावा की उजवा, एवढेच विचारतात. उत्तर शोधताना माणूस नकळत स्वतःचा हात मनात तसा फिरवून पाहतो, त्यामुळे सांध्यांना अवघड जाणाऱ्या स्थितीतील हात ओळखायला त्याला अधिक वेळ लागतो. या फरकाला जैवयांत्रिक परिणाम असे नाव आहे.

इटलीतील मास्सिमिलियानो कोन्सोन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अ‍ॅस्पर्जर लक्षणसमूह (आता स्वमग्नतेच्या वर्णपटातच गणला जाणारा) असलेल्या किशोरांची एकूण कामगिरी स्वमग्नता नसलेल्या किशोरांच्या बरोबरीची होती, मात्र जैवयांत्रिक परिणाम त्यांच्यात आढळला नाही. फिरवलेली अक्षरे ओळखण्यातही दोन्ही गट सारखेच ठरले. यावरून ही मुले स्वतःच्या शरीराचा आधार न घेता, बहुधा चित्राकडे चित्र म्हणूनच पाहून, अचूक उत्तरापर्यंत पोहोचतात असे मानता येते. केवळ गुण मोजणाऱ्या परीक्षकाला हा वेगळेपणा दिसणारच नाही. अर्थात, भाषाविकास मागे राहिलेल्या स्वमग्न मुलांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे.

हस्त-ओळख चाचणीला भाषा फारशी लागत नाही, ही बहुभाषिक भागात तिची जमेची बाजू आहे. गोंदिया जिल्ह्यात मराठीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी आणि छत्तीसगढीही बोलल्या जातात. अशा प्रदेशात शब्दांवर बेतलेल्या प्रश्नावलीपेक्षा ही चित्रचाचणी अधिक न्याय्य ठरते, कारण नुसता हात वर करूनही तिचे उत्तर देता येते. तिच्या निष्कर्षाचा उपयोग रोजच्या कामांच्या शिक्षणातही होऊ शकतो. उदाहरणार्थ, धानाच्या रोवणीत एका हातात पऱ्ह्यांची (धानाच्या रोपांची) जुडी धरून दुसऱ्या हाताने थोडी थोडी रोपे चिखलात खोचावी लागतात. हे काम शिकवताना स्वमग्न किशोराला ‘मनात आणून बघ’ असे सांगण्यापेक्षा, त्याची संमती घेऊन आणि स्पर्श सहन होतो का हे पाहून, त्याचा हात धरून एकेक टप्पा करवून घेणे अधिक उपयुक्त ठरण्याची शक्यता आहे.