मिरजेचा सांधा

रेल्वेचा इतिहास सांगणारे बहुधा पूल, बोगदे आणि साहेबलोक यांच्याविषयी सांगतात. आम्हांला आज सांध्याविषयी बोलावयाचे आहे. म्हणजे जेथे एक मार्ग संपतो, दुसरा सुरू होतो आणि दोहोंचे माप जुळत नाही, त्या जागेविषयी. सातारा-सांगलीकडच्या माणसाला त्यासाठी लांब जावयास नको. मिरज जंक्शन पुरे आहे.

हिंदुस्थानात रेल्वे आली ती साडेपाच फुटी रुळांवर. पुढे १८७० च्या सुमारास सरकारला काटकसर सुचली आणि एक मीटर रुंदीचा रूळ आला. सदर्न मराठा रेल्वेने पुण्याहून सातारा रोड, मिरज, बेळगाव या मार्गाने लोंढ्यापर्यंत जी गाडी नेली, ती या मीटर मापाची. १८९१ साली कोल्हापूर संस्थानचा फाटा मिरजेस मिळाला, तोही त्याच मापाचा. मग १९२७ साली पंढरपुराकडून बार्शी लाइट रेल्वे येऊन पोचली. तिचे माप अवघे अडीच फूट!

हा कोणाचा मूर्खपणा होता असे मात्र समजू नये. बार्शी लाइनचा कर्ता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप याने चाकांच्या एका जोडीवर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, हा नियम इंजिनापासून डब्यापर्यंत पाळला. म्हणून हलक्या, स्वस्त रुळांवरून भरपूर माल जाऊ शकला. प्रत्येक माप आपल्या मुलखात शहाणपणाचेच होते. अडचण झाली ती दोन शहाणपणे एका स्टेशनात शेजारी येऊन उभी राहिली तेव्हा.

पंढरपुराकडचा माल बेळगावास निघाला, तर त्याची बिलटी थेट शेवटच्या स्टेशनापर्यंतची फाडता येई. कागदाला रुळाचे माप नसते. डबा मात्र मिरजेपुढे जाऊ शकत नसे. पोते मोजायचे, पाठीवर घ्यायचे, मालधक्का ओलांडून दुसऱ्या डब्यात रचायचे आणि पुन्हा मोजायचे. पोते फाटले, भिजले, एखादे कमी भरले, की भांडण सांध्यावरच. बिलटी एक आणि रूळ दोन, यांच्यामधले अंतर हमालाच्या पाठीने भरून निघत होते.

आमच्याकडची मुले आज पुण्यात संगणकावर काम करतात. ती सांगतात, एका गटाचे काम जावा भाषेत, दुसऱ्याचे पायथॉनमध्ये, तिसऱ्याचे गो भाषेत. आपली भाषा सोडायला कोणीच तयार नाही. मग निरोपाचा एक नमुना ठरवतात. नमुना पाळला, की आत कोणती भाषा आहे हे विचारावे लागत नाही. निरोप रांगेत थांबतो, पोचपावती आली की पुढचे काम सुरू होते. आम्ही म्हणालो, ही तर बिलटी! आणि हमाल कोण? त्यावर ती हसली. अडकलेला निरोप शोधायला रात्री दोनला ज्याला उठवतात, तो.

असो. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग रुंद झाला. सांगलीची हळद आणि कोल्हापूरचा गूळ पुण्यात न उतरता मुंबईस जाऊ लागला. पण सांधा नाहीसा झाला नाही; तो पुण्याहून मिरजेस आला. बेळगावकडचा माल आता येथे उतरवावा लागे. रुंद, मीटर आणि अरुंद अशी तिन्ही मापे एका जंक्शनात नांदू लागली, आणि एका गावच्या हमालाचे काम दुसऱ्या गावच्या हमालाकडे गेले.

दोनच वर्षांपूर्वी, १९६९ मध्ये, महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला होता. त्यासाठी लढलेले अण्णासाहेब पाटील आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याचे. रेल्वेच्या मालधक्क्यावर राबणारा, पण रेल्वेचा नोकर नसलेला हमाल या कायद्याच्या यादीत आला. मजुरी, भविष्यनिर्वाह निधी ही बोलणी त्यामुळे शक्य झाली. मापे एक होऊ नयेत असे आम्ही म्हणत नाही. सांधा हलवताना त्यावर उभ्या असलेल्या माणसाचे काय, एवढेच आमचे विचारणे असते.

१९९२ पासून देशभर एकच माप करण्याचे धोरण आले. आधी लोंढ्याची, मग पंढरपूर-लातूरची लाइन रुंद झाली. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळी लातूरसाठी मिरजेहून पाण्याची गाडी सुटली. पहिल्या खेपेस दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी करीत ती त्याच जुन्या बार्शी लाइनच्या वाटेने गेली. वाटेत काही उतरवावे लागले नाही. तो माल पाठीवर घेण्यासारखाही नव्हता.