उमर खय्याम, व्हाया फिट्झजेराल्ड

उमर खय्यामच्या नावाने फिरणारं स्टेटस तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेलच. त्यातले बरेचसे शब्द खरं तर एका इंग्रज माणसाचे असतात. आजचा भाग त्याच्यावर: एडवर्ड फिट्झजेराल्ड.

जन्म १८०९, इंग्लंडच्या सफकमध्ये. घरी बक्कळ पैसा, त्यामुळे नोकरीची भानगडच नाही. पुस्तकं, होडी आणि मित्रांना पत्रं, हेच आयुष्य. फारसी शिकला चाळिशीनंतर, एडवर्ड कॉवेल या आपल्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान मित्राकडून. १८५६ मध्ये कॉवेलला ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत खय्यामच्या रुबायांचं हस्तलिखित मिळालं. त्याची नक्कल फिट्झजेराल्डला देऊन तो प्राध्यापक म्हणून कलकत्त्याला गेला. तिथे एशियाटिक सोसायटीत आणखी एक हस्तलिखित सापडलं, त्याचीही नक्कल त्याने धाडली.

१८५९ मध्ये ७५ रुबायांचं पुस्तक निघालं. प्रती २५०, अनुवादकाचं नाव गायब. कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी दुकानदाराने प्रती एका पेनीला विकायला काढल्या. १८६१ मध्ये त्यातूनच एक प्रत कवी रोझेटीच्या हाती लागली, आणि मग बोलबाला झाला.

आता मुद्द्याचं. हा अनुवाद आहे का? मूळ रुबाई म्हणजे चार ओळींची सुटी कविता. फारसी संग्रहात त्या यमकाच्या शेवटच्या अक्षरानुसार लावतात. फिट्झजेराल्डने त्यांची पहाट ते रात्र अशी एक गोष्ट केली. १८९९ मध्ये एडवर्ड हेरॉन-ॲलनने ओळीन् ओळ ताडून पाहिली: ४९ रुबाया एकेका मूळ रुबाईवरून, तर ४४ चक्क एकाहून जास्त रुबाया जोडून!

एवढ्यावर मी म्हटलं असतं, ठीक आहे, कवीची मोकळीक. कॅल्डेरॉनच्या स्पॅनिश नाटकांतही त्याने ती घेतली होती. पण १८५७ च्या एका पत्रात तो कॉवेलला लिहितो, की या पर्शियन लोकांशी हवी तशी मोकळीक घ्यायला मजा येते, कारण ते काही फार मोठे कवी नाहीत. हे मात्र खटकतं. ज्याच्या जिवावर नाव झालं, त्यालाच कमी लेखायचं?

याचं उत्तर मला मराठीत सापडलं. माधव ज्यूलियन फारसीचे प्राध्यापक, फारसी-मराठी कोशाचे कर्ते. त्यांनी १९२९ मध्ये थेट फारसीवरून रुबाया मराठीत आणल्या आणि १९३१ मध्ये फिट्झजेराल्डवरून 'द्राक्षकन्या' केली. दोन वेगळी पुस्तकं, दोन वेगळे कवी. हिशेब स्वच्छ.

मला हे पटतं. फिट्झजेराल्डची कविता झकास आहे, जरूर वाचा. फक्त ती त्याच्या नावाने वाचा. आणि खय्यामचं स्टेटस टाकण्याआधी एकदा बघा, शब्द नेमके कुणाचे आहेत.

भेटू पुढच्या भागात!