घाट, पोते आणि लोखंडी पेटी



मुळशी तालुका भाताचा, पावसाचा. ह्या तालुक्यात आगगाडीचे स्टेशन नाही; पौडला नाही, पिरंगुटलाही नाही. मुळशीकरांची आगगाडीशी गाठ पडली ती निराळ्याच कारणाने. 1924 च्या डिसेंबरात सेनापती बापटांनी धरणाच्या कामावरची गाडी अडवली आणि त्यापायी सात वर्षांची शिक्षा भोगली. ती हकीकत तुम्हांला ठाऊकच आहे. आज बोलायचे आहे ते मालाच्या वाहतुकीबद्दल. पिरंगुटच्या कारखान्यांतून लांबलचक ट्रेलरवर लोखंडी पेट्या निघतात, त्या तुम्ही रोज पाहता. माल असा पेटीत बंद करून का धाडतात?

आता असं बघा. भाताचे पोते खळ्यावरून गाडीत, गाडीतून अडत्याच्या वखारीत, वखारीतून ट्रकमध्ये. दर वेळी हमाली द्यायची, दर वेळी थोडे सांडायचे, आणि आकडी लागून पोते फाटले तर तूट आपलीच. माल चालतो तेव्हा खर्च होतोच. पण तो थांबतो आणि हात बदलतो, तिथे खिसा खरा रिकामा होतो.

ह्याचा मोठा दाखला आपल्या शेजारीच, बोर घाटात आहे. मुंबईची गाडी 1856 साली घाटाखाली खोपोलीपर्यंत आली. 1858 साली घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे रूळ सुरू झाले. मधला घाट तसाच राहिला! म्हणजे पुण्याचा माल खंडाळ्याला वाघिणीतून उतरवायचा, बैलगाड्यांवर लादायचा, 1830 साली झालेल्या घाटरस्त्याने खाली न्यायचा आणि खोपोलीला पुन्हा वाघिणीत भरायचा. उतारूंची तऱ्हा तीच. कोणी पालखीत, कोणी तट्टावर. दोन्हीकडे वाफेचे इंजिन आणि मध्ये बैल, असा पाच वर्षांचा संसार झाला.

तो सांधा जोडायला केवढी किंमत पडली पहा. पावणेसोळा मैलांत 1,831 फुटांची चढण, 25 बोगदे, आणि काही ठिकाणी 37 फूट चालले की एक फूट वर. इतका चढ एका दमात जमेना, म्हणून वाटेत गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावावे लागे. कामाच्या ऐन भरात 40,000 हून अधिक मजूर खपत होते. पटकीने माणसे मेली. ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार 1859 साली आला आणि काही आठवड्यांतच दगावला. पुढचे कंत्राट त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसबाईने, निभावले. इंजिनियरांची नावे पुस्तकांत आहेत. पाट्या वाहणाऱ्यांची नाहीत. 1863 साली गाडी सलग धावू लागली आणि खोपोली-खंडाळ्याची चढ-उतार संपली.

पण एक सांधा उरलाच, तो बंदरातला. तिथे गासड्या, पोती, पिंपे हमालांच्या पाठीवरून एकेक करून जहाजात जात. ह्यावर उपाय निघाला अमेरिकेत. माल्कम मॅक्लीन ह्या ट्रकवाल्याने 26 एप्रिल 1956 रोजी 58 भरलेल्या पेट्या एका जहाजावर चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला धाडल्या. सुटा माल भरायला टनाला 5 डॉलर 86 सेंट पडत. पेटीमुळे तो खर्च 16 सेंटांवर आला. पुढे पेटीचे माप जगभर एक ठरले. चारही कोपऱ्यांना सारखीच भोके, म्हणून तीच पेटी ट्रेलरवर, वाघिणीवर आणि जहाजावर तशीच अडकते. आतला माल कोणी हलवत नाही.

आपल्याकडे रेल्वेने पेट्या नेण्यासाठी 1988 साली कंटेनर कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि 1989 साली न्हावा शेवा बंदर सुरू झाले. एक क्रेन आता जे काम काही मिनिटांत करते, त्याला पूर्वी हमालांची टोळी लागे. ज्याची पाठ वाचली, त्याचा रोजही गेला. हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा करून हमालांना संरक्षण दिले, पण पेटीतला माल हलवायचाच नसेल तर कायदा तरी काय करणार?

मग गुरुजी विचारतील, पेटी इतकी सोयीची, तर पिरंगुटची पेटी रेल्वेने का जात नाही? कारण तेच जुने. आधी ट्रेलरने रेल्वेपर्यंत जायचे, तिथे पेटी उचलून वाघिणीवर ठेवायची, आणि घाटासाठी गाडीला जादा इंजिनेही लागतात. बंदर इथून सवाशे-दीडशे किलोमीटर. एवढ्याशा वाटेत ती उचलठेव परवडत नाही. ट्रेलर द्रुतगती मार्गाने थेट धक्क्यावर जातो. नागपूरचा हिशेब वेगळा. आठशेहून अधिक किलोमीटरची वाट आणि एका गाडीत 45 वाघिणींवर वीस फुटी 90 पेट्या, तेव्हा एकदा उचलण्याचा खर्च वाटेतच भरून निघतो. मुलांना गणित घालायचेच असेल तर हे घाला: उचलठेवीचा खर्च ठरावीक आणि रेल्वेचे भाडे किलोमीटरमागे ट्रेलरहून कमी, तर किती लांब गेल्यावर रेल्वे स्वस्त पडेल?