रक्तपरीक्षा आणि आरोपीचे मौन

मद्यपी वाहनचालकाविषयीच्या कायद्याचा इतिहास सामान्यतः अपघातनिवारणाचा इतिहास मानला जातो. मुंबई राज्यापुरते पाहिल्यास मात्र रासायनिक परीक्षेचा उगम दारूबंदीच्या धोरणात आढळतो.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने परवान्यावाचून मद्यसेवन करणे हाच अपराध ठरविला. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील बंदी अवैध ठरविली आणि पुराव्याचा पेच उभा राहिला. मुंबईतील एका जीप-अपघातातून उद्भवलेल्या पेसिकाका खटल्यात तो स्पष्ट झाला. आरोपीच्या श्वासास मद्याचा वास होता. परंतु तो वास निषिद्ध मद्याचा की अनुज्ञात औषधाचा? निषिद्ध मद्य घेतल्याचे सिद्ध करण्याचा भार अभियोगपक्षावरच आहे, असे न्यायालयाने १९५४ साली ठरविले. केवळ वासावर शिक्षा टिकेनाशी झाली.

या निर्णयाने उघड केलेली उणीव राज्य विधिमंडळाने १९५९ च्या दुरुस्तीने भरून काढली. रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.०५ टक्के वा अधिक सिद्ध झाल्यास, घेतलेले द्रव्य अनुज्ञात होते हे दाखविण्याचा भार आरोपीवर पडला. कलम १२९-अ अन्वये संशयितास नोंदणीकृत वैद्यापुढे नेऊन त्याचे रक्त घेता येऊ लागले. त्याने प्रतिकार केल्यास वाजवी बळाचा वापरही विधिसंमत ठरला. मात्र त्याच वर्षीच्या नियमांनी रक्त काढताना मद्यार्काचा स्पर्श वर्ज्य केला आणि कुपी मोहोरबंद करणे आवश्यक ठरविले. पुरावा ज्या द्रव्याचा, त्याच द्रव्याने तो दूषित होऊ नये, हा त्यामागील हेतू उघड आहे.

येथे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चा प्रश्न येतो : स्वतःचे रक्त देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे काय? १९६१ साली काठी कालू ओघड खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने यांस ‘साक्ष’ मानण्यास नकार दिला. तो खटला रक्ताचा नव्हता. परंतु त्यातील तत्त्व रक्तासही लागू पडण्याजोगे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली श्मर्बर खटल्यात प्रत्यक्ष वाहनचालकाच्या रक्तासंबंधी हीच दिशा धरली. तीही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने.

१९६३ च्या उखा कोल्हे खटल्यात प्रश्न अधिक सूक्ष्म झाला. कलम १२९-अ ची पद्धती न अनुसरता, इस्पितळात वैद्याने घेतलेले रक्त पुरावा होऊ शकते काय? ते कलम हा एकमेव मार्ग नव्हे, असा बहुमताचा निर्णय झाला. यामुळे कार्यपद्धतीचे कवच काहीसे सैल झाले, असे म्हणावे लागते.

आज १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम १८५, १९९४ च्या दुरुस्तीनंतर, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क हे अपराधाचे गमक मानते. आणि सबळ कारणाविना परीक्षा नाकारणे हीसुद्धा कलम २०५ अन्वये आरोपीविरुद्ध जाणारी गोष्ट ठरते.

सारांश, आरोपीची जिव्हा मौन राहू शकते, त्याच्या रक्तास ती मुभा उरलेली नाही. म्हणूनच रक्त कोणी घेतले, कसे घेतले, कुपी कोणाच्या ताब्यात होती, हे प्रश्न केवळ तांत्रिक नव्हेत. मौनाच्या हक्काने जे क्षेत्र सोडले, तेथे आरोपीचे रक्षण आता मुख्यतः या प्रश्नांच्या काटेकोर उत्तरांवरच अवलंबून आहे.