दुष्काळाची वक्ररेषा

कारेगाव हे पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचे, रांजणगावशेजारचे गाव. सह्याद्री ओलांडून उरतो तेवढाच पाऊस या पट्ट्याला मिळतो. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत शिरूर आणि शेजारचे दौंड होते. अशी यादी कोणत्या मापाने ठरते, याचा शोध मी घेत आलो आहे. संख्याशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. वहीपेन्सिल घेऊन जेवढे उलगडले, तेवढे मांडतो.

जुनी रीत आणेवारीची. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. पुढे आण्यांचे पैसे झाले आणि ५० पैशांच्या आत पीक म्हणजे टंचाई, असे ठरले. मात्र पीक हाती येईपर्यंत निकाल कळत नसे. हवामान खाते पावसाची सरासरीशी तुलना करते : २६ ते ५० टक्के तूट म्हणजे मध्यम दुष्काळ, त्याहून अधिक म्हणजे तीव्र. पण महाबळेश्वरची ३० टक्के तूट आणि शिरूरची ३० टक्के तूट सारखी नसते. जिथे पाऊस मुळातच लहरी, तिथे अशी तूट अधूनमधून येतेच.

१९९३ साली अमेरिकेत मॅकी, डोस्केन आणि क्लाइस्ट यांनी प्रश्नच बदलला : इतका कमी पाऊस किती दुर्मीळ? त्यातून ‘प्रमाणित पर्जन्य निर्देशांक’ आला. आपल्या केंद्र शासनाच्या २०१६च्या दुष्काळ संहितेतही तो आहे. त्यासाठी जुन्या नोंदींवर एक वक्ररेषा बसवावी लागते. त्यांनी गॅमा वितरण निवडले, कारण पाऊस शून्याखाली जात नाही आणि एखादे वर्ष प्रचंड पाऊस देते. १९९९ साली गटमन यांनी पिअर्सनच्या तिसऱ्या प्रकाराची शिफारस केली. त्यात वक्र कुठून सुरू होतो, हेही नोंदींवरून ठरते.

हा फरक कागदी नाही. निर्देशांक उणे दोन म्हणजे साधारण ४४ वर्षांतून एकदा येणारी अवस्था. हाताशी ३० वर्षांच्याच नोंदी असतील, तर त्या टोकाला बोलतो तो पाऊस नव्हे, वक्र. शून्याचीही गंमत पाहा. समजा, ३० पैकी १२ वर्षी एखादा महिना कोरडा गेला. मग त्या महिन्यात थेंबही न पडता निर्देशांक उणे पाव येतो, म्हणजे जवळजवळ ‘नेहमीसारखे’! म्हणून आपल्याकडे एकेका कोरड्या महिन्यापेक्षा जून ते सप्टेंबर एकत्र मोजणे शहाणपणाचे.

या आकड्यांवर महसुलातील सूट, कृषिपंपांच्या वीजबिलातील सवलत, परीक्षा शुल्कमाफी अवलंबून असते. आणेवारीवर गावाला हरकत घेता येई, कारण पीक सर्वांना दिसत होते. वक्र कुणाला दिसत नाही. म्हणून जाहीर होणाऱ्या यादीसोबत कोणते वितरण वापरले आणि किती वर्षांच्या नोंदी धरल्या, एवढे दोन शब्द तरी छापले जावेत. हरकत घ्यायला शेतकऱ्याला आधी माप कळले पाहिजे.